पाणबुड्यांसाठी लावलेले कान, देवमाशांचे दफ्तर

१/ शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने महासागराच्या तळाशी कान लावले ते सोव्हिएत पाणबुड्यांची चाहूल घेण्यासाठी. त्याच कानांवर देवमाशांचे आवाजही पडत होते. जवळजवळ चार दशके ती नोंद लष्करी गुपितात बंद राहिली. आजचा धागा या दफ्तराविषयी.

२/ आधी थोडे विज्ञान. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. खाली जाताना पाणी थंड होते आणि ध्वनीचा वेग घटतो. आणखी खोलवर दाब वाढतो आणि वेग पुन्हा चढतो. या दोहोंच्या मधल्या थरात ध्वनी जणू पन्हळीत अडकतो आणि फारसा क्षीण न होता शेकडो मैल प्रवास करतो.

३/ मॉरिस यूइंग आणि जे. लॅमार वॉर्झेल यांनी १९४४ मध्ये प्रयोगाने हा थर सिद्ध केला. दोनच वर्षांनी सोव्हिएत संघात लिओनिद ब्रेखोव्स्कीख स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले. पुढे परस्परांचे वैरी ठरलेल्या दोन्ही महासत्तांना समुद्राचे हे मर्म एकाच दशकात उमगले होते.

४/ १९५२ मध्ये बहामा बेटांपैकी एल्यूथेरा येथे पाण्याखालच्या मायक्रोफोनांची, म्हणजे हायड्रोफोनांची, पहिली रांग बसली. पुढे या जाळ्याला ‘सोसस’ हे नाव मिळाले. समुद्रतळावरच्या तारांमधून आवाज किनाऱ्यावरील ठाण्यांत येत आणि तेथे कागदाच्या पट्टीवर रेषांच्या रूपाने उमटत. ही ठाणी ‘सागरविज्ञानाच्या संशोधनासाठी’ आहेत, असे बाहेर सांगितले जाई. हे निव्वळ सोंग होते. पण पुढे ते काही अंशी खरे ठरायचे होते.

५/ या पट्ट्यांवर एक चमत्कारिक खूण वारंवार दिसू लागली. २० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे मानवी श्रवणाच्या खालच्या सीमेवरचे, ठोके. प्रत्येक ठोका सुमारे एका सेकंदाचा आणि त्यांमधील अंतर विलक्षण नियमित. इतकी शिस्त सजीवाला कशी असेल? हे शत्रूचे एखादे नवे यंत्र तर नसेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते.

६/ या कोड्याचे उत्तर वुड्स होल येथील विल्यम शेविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले: हे ठोके फिन व्हेल या देवमाशाचे आहेत. याच शेविल यांनी पत्नी बार्बरा लॉरेन्स यांच्यासह १९४९ मध्ये कॅनडातील सॅग्ने नदीत मुक्त बेलुगा देवमाशांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते.

७/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. आवाज कोणाचा हे कळले, आणि नौदलाचा त्यातील रस संपला. जे पाणबुडी नाही ते वगळायचे. पेशवे दफ्तरातील जमाखर्चाचे कागद हिशेबासाठी लिहिले गेले. त्यांतून समाजजीवन वाचले ते पुढच्या पिढ्यांनी. येथेही तसेच घडले. साधन एका हेतूने तयार होते आणि त्याचे मोल दुसराच कोणी ओळखतो.

८/ बर्म्युडा येथील नौदलाच्या श्रवणकेंद्रात काम करणारे अभियंते फ्रँक वॉट्लिंग्टन हे असे ओळखणारे पहिले गृहस्थ. हंपबॅक देवमाशांचे आवाज त्यांनी जपून ठेवले. शिकाऱ्यांच्या हाती पडले तर याच आवाजांचा वापर शिकारीसाठी होईल, ही त्यांची भीती होती. १९६७ मध्ये त्यांनी ते रॉजर आणि केटी पेन या दांपत्याकडे सोपवले.

९/ हे आवाज सुटे नसून ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी ‘गाणी’ आहेत, असे रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी १९७१ मध्ये मांडले. त्याआधी, १९७० मध्येच, या गाण्यांची तबकडी बाजारात आली होती आणि देवमासे वाचवण्याच्या चळवळीला तिने आवाज दिला. व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय स्थगिती १९८२ मध्ये मंजूर झाली व १९८६ पासून लागू झाली.

१०/ त्याच काळात दुसरेही एक गुपित पाळले जात होते. सोव्हिएत शिकारी ताफे खोटे आकडे कळवून देवमासे मारत होते. १९६६ मध्ये अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर, अशाच एका ताफ्याने दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. अधिकृत नोंदीत त्यांचा मागमूस नव्हता.

११/ शीतयुद्ध सरले आणि दोन्ही दफ्तरे जवळपास एकाच वेळी उघडली. १९९१ मध्ये ‘सोसस’वरील गोपनीयता उठली. १९९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी खोट्या शिकारनोंदींचे सत्य जाहीर केले. पुढील संशोधनानुसार सोव्हिएत ताफ्यांनी मारलेले सुमारे १,८०,००० देवमासे कधी कळवलेच गेले नव्हते. एका दफ्तरात जिवंत देवमाशांचे आवाज होते, दुसऱ्यात मारलेल्यांचा लपवलेला हिशेब.

१२/ नौदलाच्या परवानगीने कॉर्नेल विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर क्लार्क यांनी १९९३ मध्ये एका निळ्या देवमाशाचा माग केवळ आवाजावरून ४३ दिवस काढला. विल्यम वॉट्किन्स यांच्या चमूने ५२ हर्ट्झवर साद घालणारा एक देवमासा बारा वर्षे ऐकला. तो कोणी पाहिलेला नाही; त्याचे अस्तित्व आपल्याला ठाऊक आहे ते केवळ नोंदींतून.

१३/ ही विद्या आता रोजच्या कामाची झाली आहे. २००८ पासून बोस्टनच्या जहाजमार्गावर तरंगत्या श्रवणयंत्रांची रांग उभी राहिली. दुर्मिळ राइट व्हेलची साद ऐकू आली की जहाजांना वेग कमी करण्याचा इशारा मिळे. मात्र एक मर्यादा विसरू नये: जो देवमासा गप्प आहे तो या नोंदीत येत नाही. दफ्तरातील मौन म्हणजे अभाव नव्हे. हा नियम कागदांना लागू आहे तसा समुद्रालाही.

१४/ अरबी समुद्रातील हंपबॅक इतर भाईबंदांप्रमाणे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत; वर्षभर येथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यालगत ते शंभराहूनही कमी उरले असल्याचा अंदाज आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात गोव्याच्या किनाऱ्यासमोर हायड्रोफोनने टिपलेल्या हंपबॅकच्या गाण्यांची नोंद आहे.

१५/ १९६६ च्या कत्तलीपूर्वी हा समुद्र कसा गात असे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हाचा आवाज कोणी राखून ठेवलेला नाही. आज जे ऐकून जपले जाईल, तेवढ्यावरच पुढच्या पिढ्यांना या समुद्राचा इतिहास लिहिता येईल.

(धागा समाप्त)