चवदार तळ्याचा दावा आणि फोटोमागचं समन्स



२० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. २५ डिसेंबर १९२७ सुद्धा. या दोन तारखांच्या मध्ये महाडच्या दिवाणी कोर्टात जे घडलं, ते मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतं.

१२ डिसेंबर १९२७ ला महाडमधल्या सवर्णांनी बाबासाहेब आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळं आमच्या खाजगी मालकीचं आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही पुरातन रूढी, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत, प्रतिवादींचं ऐकून न घेता, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद तोंडावर आलेली, लोक तयारीनिशी निघालेले. परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर जाणं तहकूब झालं. तेव्हाही काहींना ही माघार वाटली असेल.

माघार नव्हती ती. बाबासाहेबांनी कोर्टात उत्तर दिलं: तळं नगरपालिकेचं आहे, सार्वजनिक आहे. दुसरी बाजू समोर येताच २३ फेब्रुवारी १९२८ ला तोच मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ ला दावा फेटाळला गेला. ठाण्यातलं अपील ३० जानेवारी १९३३ ला फेटाळलं. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानेही सांगितलं की पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही. जवळजवळ दहा वर्षं! प्रतिवादी गप्प बसले असते तर एकतर्फी हुकूमच कायम झाला असता आणि महाडचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

आता चिखलीकडे या. १९९७ ला गाव महापालिकेत आलं, कारखाने आणि सोसायट्या आल्या, आणि ज्या जमिनीकडे कुणी बघत नव्हतं तिच्यावर दावे पडू लागले. मागच्या वर्षी एका काकांच्या घरी गेले होते. बाबासाहेबांच्या फोटोमागे एक समन्स खोचलेलं. "तहसीलदारांना अर्ज दिलाय, मोर्चात पण होतो," काका म्हणाले. पण तहसीलदाराकडचा अर्ज म्हणजे कोर्टातली कैफियत नव्हे. मोर्चा तर नाहीच नाही.

नियम असा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आधी दिवसांची ठाम मुदत नव्हती. १ जुलै २००२ पासून आदेश ८ नियम १ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कारण नोंदवून कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये म्हटलं की ही मुदत अगदीच पोलादी नाही. पण त्याचा अर्थ "चालतंय" असा घेऊ नका. ९० च्या पुढची सवलत अपवाद म्हणूनच मिळते, बहुधा दंड भरून.

आणि नुसतं "दावा खोटा आहे" लिहून भागत नाही. वादीचं जे विधान तुम्ही स्पष्ट नाकारत नाही, ते तुम्हाला कबूल आहे असं कोर्ट धरू शकतं. समजा, समोरच्याने लिहिलं की जमीन त्याच्या आजोबांनी विकत घेतली. वतनाची जमीन असेल तर १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यानंतर, नव्या शर्तीने परत मिळालेली ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकताच येत नाही. ही परवानगी कुठे आहे, असा मुद्दा कैफियतीतच यायला हवा. तो भाषणात येतो, कागदावर येत नाही, हे आपलं दुखणं.

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १९९० नंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा "आम्ही बौद्ध, आम्हाला मिळत नाही" हा गैरसमज काढा. जातीचा दाखला जवळ ठेवा.

काकांच्या समन्सचा तेविसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी वकीलपत्र दाखल झालं. मग आम्ही दोघं जुना फेरफार शोधायला तलाठ्याकडे गेलो.