लाखेच्या पोटातले सोने

बडोद्याला मांडवीजवळ असलेल्या आमच्या आजोळी, माजघराच्या कोपऱ्यात, एक पाळणा वर्षानुवर्षे उभा असे; घरात तान्हे मूल असले म्हणजे त्याला झोळी बांधली जाई आणि नसले म्हणजे धुवट पंच्याने तो झाकून ठेवला जाई. गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडून उचललेल्या ‘घोडियुं’ या नावानेच त्याला घरात सर्वजण ओळखत. त्याच्या चारही कातीव पायांवर तांबड्या जमिनीवरील सोनेरी वेलबुट्टी अशी झळकत असे, की हा पाळणा राजवाड्यातून चुकून आमच्या सामान्य घरात आला असावा अशी माझी लहानपणी खात्री होती. एकदा मी आजीला तसे विचारलेही. तिने पायाच्या तळाशी, जेथे झीज होऊन रंगाचा पापुद्रा गेला होता, तेथे बोट ठेवून मला खालचा पांढुरका थर दाखवला आणि म्हणाली, ‘‘सोने कुठले रे! कथील आहे ते. लाखेने त्याला सोने केले.’’ आजीच्या त्या एका वाक्यात संखेड्याच्या कारागिरीचे सारे रहस्य सामावले होते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

संखेडा हा बडोद्याच्या आग्नेयेस, डभोईच्या पलीकडे, ओरसंग नदीच्या काठी वसलेला कसबा. ही ओरसंग पुढे चांदोदजवळ नर्मदेला मिळते, आणि नर्मदेची परिक्रमा केलेल्या मराठी यात्रेकरूंना तो संगम परिचित आहे. नदीच्या वरच्या अंगाला छोटा उदेपूरच्या टेकड्या आणि दक्षिणेला राजपिपळ्याचे रान, असा सागवानाचा मुलूख गावाच्या जवळच असल्यामुळे कातकाम करणाऱ्या खरादी-सुतारांची वस्ती येथे रुजावी यात नवल नव्हते. 1734 साली बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिरपणे आले आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ हा प्रदेश त्यांच्या अमलाखाली राहिला. संखेडा हा त्या राज्यातील एक महाल. वहिवाटदाराची कचेरी, सरकारी दप्तर, सारा आणि जकात यांचा जो मराठी वळणाचा कारभार बडोद्यात चाले, त्याचीच लहान आवृत्ती येथे नांदत होती. त्यामुळे गुजराती कारागीर आणि दरबारच्या चाकरीत आलेली मराठी कुटुंबे यांची गाठ पडणे ओघानेच आले; आणि दक्षिणी घरातील बारशाला, मुंजीला, लग्नाला लागणाऱ्या लाकडी वस्तू संखेड्याच्या तांबड्या-सोनेरी वेषात दिसू लागल्या.

परंतु या कलेची खरी कुळकथा गायकवाडांच्याही, किंबहुना सर्व ज्ञात राजवटींच्याही पलीकडे जाते, कारण तिचा आधार जी लाख, तिचा उल्लेख अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातच आढळतो. तेथे लाक्षेला उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे आणि जखम भरून काढणारी वनस्पती म्हणून तिची स्तुती केलेली आहे. महाभारतातील लाक्षागृहाची कथा तर आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि लाख चटकन पेट घेते हे ज्ञान त्या कथेच्या मुळाशी आहे. वास्तविक ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर वसती करून राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्याने स्वतःच्या रक्षणासाठी पाझरवलेली राळ होय. फांदीवर हे जीव इतक्या दाटीने बसतात, की ‘लक्ष’ या संख्येशीच लोक तिच्या नावाचा संबंध जोडतात. फांद्या तोडून, लाख खरवडून, धुऊन, तिच्यातील तांबडा रंग वेगळा काढला म्हणजे अलता मिळे, आणि उरलेली राळ वितळवून तिचे पातळ पत्रे केले म्हणजे चपडा तयार होई. वधूच्या पावलांना रंग देणारी आणि तिच्या पाळण्याला झळाळी देणारी लाख अशी एकाच फांदीवरून उतरत असे.

संखेड्याच्या जुन्या रीतीने एखादा पाया कसा घडे, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. वाळवलेल्या सागाचा तुकडा कातारी चरकावर चढवी आणि दोरीच्या ओढीने तो उलटसुलट फिरत असता पटाशीच्या धारेने त्यावर गोळे, मणी, कंगोरे आणि खाचा काढी. प्रत्येक पाया, प्रत्येक दांडा असा निरनिराळा कातून घेऊन टोकाचे गोल कुसू जुळत्या भोकांत बसवायचे, ही या बांधणीची पद्धत. म्हणून तिच्यात सपाट फळीपेक्षा कातीव दांड्यालाच प्राधान्य. घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर प्रथम रंगाची जमीन धरली जाई, आणि मग आरंभ होई तो कथिलाच्या कामाचा. कथील वितळवून, हालवून त्याचा भुगा करायचा, तो सरसात खलून रुपेरी शाई बनवायची, आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने त्या शाईची वेलबुट्टी, कमळे, जाळ्या आणि लाटा सरळ लाकडावर काढायच्या. मोजपट्टी नाही, छापा नाही, हाताची सवय हाच आराखडा. वाळल्यावर ही नक्षी मळकट, शिशासारखी दिसते. मग अकीकाच्या गुळगुळीत खड्याने ती घोटली जाते आणि कथील चांदीसारखे उजळते. अकीकाचा उद्योग ज्या खंबायतेत शतकानुशतके चालत आला, ती खंबायत याच गुजरातेत, बडोद्यापासून फार दूर नाही.

यानंतरचा क्षण या साऱ्या उद्योगाचा गाभा होय. नक्षी काढलेला पाया पुन्हा चरकावर चढतो, शेगडीच्या आचेने त्याला ऊब दिली जाते आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली जाते. घर्षणाने व उष्णतेने लाख पाझरते, लाकडाला लपेटते, आणि मग केवड्याच्या पानाने ती सर्वत्र सारखी पसरून, तिळाच्या तेलाचा हात फिरवून तिला आरशासारखी तकाकी आणली जाते. लाखेचा मूळचा मधासारखा पिवळसर वर्ण चांदीवर चढला, की चांदी दिसेनाशी होते आणि सोने दिसू लागते. कारागिराने सोन्याचा कणही वापरलेला नसतो. तरीही यात फसवणूक कोठेच नाही, कारण घेणाऱ्यालाही ते माहीत असते आणि देणाऱ्यालाही. स्वस्त धातूला मौल्यवान धातूची शोभा देणारी ही पारदर्शक राळ त्याच वेळी लाकडाचे पाण्यापासून, धुळीपासून आणि हाताच्या घामापासून रक्षण करीत असते. किड्याने आपल्या देहाभोवती जे कवच उभारले, तेच माणसाने आपल्या बाळाच्या पाळण्याभोवती लपेटले. शोभा आणि संरक्षण एकाच थरात असावे, हा या कलेचा स्वभावधर्म होय.

हा धर्म टिकला तो फर्माईशीच्या पद्धतीमुळे, असे मला निश्चित वाटते. संखेड्याचा खरादी घराघराच्या प्रसंगासाठी काम करी. मुलीच्या लग्नात तिच्या सासरी जाणारे सामान, तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर माहेरहून येणारे घोडियुं, लग्नविधीला लागणारे बाजठ, दिवाणखान्यातला झोपाळा, पूजेचा चौरंग, या प्रत्येक वस्तूच्या मागे एक नाव, एक नाते आणि एक तिथी असे. झोपाळा हा तर गुजरातच्या घराचा मध्यबिंदू; दुपारी आजोबा त्यावर पान लावीत, संध्याकाळी बायका त्यावर बसून भाजी निवडीत, आणि बडोद्याच्या मराठी घरांनीही ही चाल इतकी आपलीशी केली की पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडे आले म्हणजे प्रथम झोपाळ्यावरच बसून पाहत. अशा झोपाळ्याची कडी किती उंचीवर, पाट किती रुंद, टेकू हवा की नको, हे सारे घरधनी आणि कारागीर समोरासमोर बसून ठरवीत. घराचे छत, घरातील माणसांची संख्या, मुलांची वये ही कारागिराला ठाऊक असत; आणि म्हणूनच वस्तू घरात आली की ती तेथलीच वाटे.

या ठिकाणी आपल्या कोकणातील सावंतवाडीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण लाकूड आणि लाख यांच्या संगमातून उभा राहिलेला तो दुसरा कसबा. 1755 ते 1803 या दीर्घ कारकिर्दीत तिसऱ्या खेमसावंतांनी विद्वानांना आणि गुणिजनांना जो आश्रय दिला, त्याच्या छायेत तेथे गंजिफा रंगवण्याची कला रुजली असे परंपरा सांगते. चिंचोक्याच्या खळीने आणि खडूने घट्ट केलेल्या कापडाच्या गोल पानांवर दशावतार रंगवायचे आणि वर लाखेचा लेप द्यायचा, असा तो एकशेवीस पानांचा डाव. चितार आळीतील हेच हात पाट, चौरंग, देव्हारे आणि लाकडी फळे-भाज्याही रंगवीत. संखेड्यात लाख फिरत्या लाकडावर घर्षणाने चढते, तर सावंतवाडीत ती चित्रावर कुंचल्याने चढते. एक कातकाराची कला, दुसरी चिताऱ्याची. पण दोघींचे भाग्य सारखेच निघाले. आश्रयदाते संपले, संस्थाने गेली, आणि 1949 पासून 1960 पर्यंत बडोदे व सावंतवाडी हे दोन्ही मुलूख एकाच मुंबई राज्यात असताना दोन्हीकडचे कारागीर ज्याच्या त्याच्या गावी नव्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले होते. सावंतवाडीत तेथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या समजून घेऊन 1971 च्या सुमारास राजवाड्यातच तिला पुन्हा काम मिळवून दिले, ही गोष्ट महाराष्ट्राने कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी आहे.

कारखान्यात लागणाऱ्या लाखेचा जगातील इतिहास मात्र त्याआधीच अगदी वेगळ्या वाटेने गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग निघाले आणि लाखेच्या तांबड्या रंगाचा व्यापार मंदावला. पण त्याच सुमारास तिच्या राळेला परदेशात मागणी वाढली. मेजा-खुर्च्यांच्या रोगणासाठी, विजेच्या उपकरणांच्या वेष्टनासाठी आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी भारतातून लाख जाऊ लागली. 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे तिच्या अभ्यासासाठी एक संशोधन संस्थाच स्थापन झाली. ही महाग आणि निसर्गाधीन राळ कृत्रिमरीत्या करता येईल काय, या शोधात असलेल्या लिओ बेकलंड या रसायनज्ञाला 1907 मध्ये बेकेलाइट सापडले, आणि कृत्रिम राळांचे युग सुरू झाले. आज शहरांतील दुकानांत आंब्याच्या वा बाभळीच्या दोन फळ्यांच्या मध्ये निळसर काचेसारखी राळ ओतून केलेली मेजे आपण पाहतो, तीही त्याच वंशातील दूरची लेकरे. कारागीर गिऱ्हाइकाच्या मापाने फळी निवडतो, तिचे नैसर्गिक काठ तसेच राखतो, त्यातील भेगा राळेने भरून काढतो. मागणी तीच, मापही तेच, आणि लाकडाच्या उणिवेला राळेने शोभा द्यावी ही बुद्धीही तीच.

संखेड्यातही काळाने हात फिरवला आहे. दोरीच्या चरकाच्या जागी विजेची मोटार आली. तांबड्या जमिनीच्या जोडीला काळी, हिरवी, निळी जमीन आली. सोफा, मेज आणि दिवाणखान्याचा पूर्ण संच या इंग्रजी अमदानीतील कल्पनाही कातीव पायांवर उभ्या राहिल्या. आणि अनेक ठिकाणी लाखेऐवजी बाजारातील तयार रासायनिक रोगण वापरले जाऊ लागले. या बदलांबद्दल कारागिरांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ज्याला पोट आहे त्याला झटपट वाळणारा रंग हवासा वाटणारच. भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने गावाचे नाव सुरक्षित झाले, हे चांगलेच झाले. परंतु नाव सुरक्षित होणे आणि रीत सुरक्षित होणे यांत अंतर आहे. हे अंतर कोणत्या एका गुणाने भरून निघते, हे त्या पाळण्यानेच मला शिकवले.

मेजांत ओतलेली ती कृत्रिम राळ एकदा घट्ट झाली की घट्टच. तापवली तर ती काळी पडेल, पण पुन्हा वाहणार नाही. लाखेचे तसे नाही. ऐंशी अंशांच्या आतबाहेर ती पुन्हा मऊ होते, पुन्हा पसरते, आणि जुन्या थराशी एकजीव होते. हा तिचा दोषही आहे, कारण गरम भांडे ठेवले तर तिच्यावर डाग उमटतो. पण हाच तिचा मोठा गुणही आहे, कारण डाग पडलेली जागा ऊब देऊन नव्याने लाखता येते. म्हणून संखेड्याची फर्माईश वस्तू घरी पोचली की संपत नसे. माझ्या धाकट्या मावशीच्या बाळंतपणाच्या आधी आमचे घोडियुं सुटे करून, चारही पाय चादरीत बांधून संखेड्याला गेले होते आणि महिन्याभराने नव्या तकाकीने परत आले होते. तळाशी आजीने मला दाखवलेला तो पांढुरका थर आता दिसेनासा झाला होता. ज्याच्या वडिलांनी तो पाळणा घडवला होता त्यानेच तो पुन्हा लाखला, आणि आजीने त्याच्या घरची मुले कितवीत आहेत हे विचारून घेतले. आता त्या पाळण्यात माझ्या भाचीचा मुलगा निजतो. आणि मागच्या दिवाळीत पाहिले तेव्हा उजव्या पायाच्या तळाशी कथील पुन्हा डोकावू लागले होते.