आवाज नसलेली सत्तावीस मिनिटे

माळ्यावरच्या खोक्यात मला माझी जुनी ८० जीबीची हार्डडिस्क सापडली, आणि तिच्याबरोबर हिरवट रंगाची एक पट्टी. पट्टीच्या एका टोकाला पत्र्याची चपटी डबी, तिला केबलची वायर खोचायचे तोंड. हे टीव्ही ट्यूनर कार्ड मी २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. आजच्या विशीतल्या मुलांना ते दाखवले, तर कशाचा भाग आहे हेही ओळखता येत नाही. मात्र दूरचित्रवाणीच्या इतिहासात या पट्टीला जागा आहे, असे माझे मत आहे.

दूरचित्रवाणीचा जन्म साठवण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेत अँपेक्स कंपनीने १९५६ साली व्हिडिओटेपचे यंत्र आणले, तेव्हा दोन इंच रुंदीची ती टेप इतकी महाग होती की कार्यक्रम झाला की पुसायचा आणि टेप पुन्हा वापरायची, ही जगभरची रीत पडली. बीबीसीने आपल्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले. नव्वदहून अधिक भाग हरवले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. माणूस चंद्रावर उतरला त्या चित्रणाच्या मूळ टेपांचीही तीच गत. त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने २००९ साली सांगितले. पुढची दुरुस्ती झाली ती इतरत्र राहिलेल्या प्रक्षेपणाच्या प्रतींवरून. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर तीसहून अधिक वर्षे बातम्यांच्या वाहिन्या अखंड रेकॉर्ड केल्या. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा घरात सुमारे ७०,००० टेपा होत्या. घरच्यांनी त्यांना विक्षिप्त म्हटले असेल, पण आज ते संशोधकांचे भांडार आहे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ज्यांनी त्या काळात पाहिले, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी रेकॉर्ड करायचे साधन असणार? १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले खरे, पण मध्यमवर्गीय वस्तीत व्हीसीआर म्हणजे रात्रभराच्या भाड्याने आणलेले यंत्र आणि त्यावर एकामागून एक पाहिलेले तीन हिंदी सिनेमे. लागलेला कार्यक्रम उतरवून ठेवणे ही चैन फार थोड्यांची. सामान्य पगारदाराच्या हातात ही सोय प्रथम आली ती संगणकाबरोबर, या कार्डाच्या रूपाने.

कार्डाचे काम असे चाले. पत्र्याच्या डबीत केबलमधून येणारी वाहिनी निवडली जाई. शेजारची चिप (बहुतेक स्वस्त कार्डांवर ती बीटी८७८ असे) चित्राचे आकडे करून संगणकाकडे पाठवी. आपली पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्र जसेच्या तसे साठवायचे तर सेकंदाला सुमारे २० एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या आसपास. माझी अख्खी डिस्क एका तासात भरली असती. म्हणून चित्र येता येताच दाबून लहान करावे लागे, आणि स्वस्त कार्डात ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर पडे. त्याला दम लागला की मधली चित्रे गळत आणि पाऊण तासानंतर निवेदकाचे ओठ आधी हलत, शब्द मागून येत. आम्ही शेवटी व्हीसीडीचा मार्ग धरला. ३५२ गुणिले २८८चे चित्र, आणि एका सीडीवर सव्वा तासाहून थोडे अधिक.

बारीक खोड्या तर विचारू नका. सोबतचे सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धत धरून बसलेले असे. ‘पाल-बी’ निवडेपर्यंत सगळी दुनिया कृष्णधवल. आवाजाचा रस्ता आणखी वेगळा. तो चित्राबरोबर जात नसे. कार्डाच्या पाठीतून एक वीतभर वायर काढून ती साउंड कार्डाच्या ‘लाइन इन’मध्ये खोचायची. एवढे केले की स्पीकरवर आवाज येई. पण रेकॉर्डिंगसाठी कोणता आवाज घ्यायचा, हे दुसऱ्याच एका खिडकीत ठरे, आणि तिथे मुळात खूण असे ‘मायक्रोफोन’वर.

हे मला कळले ते उशिरा. २००४च्या श्रावणात मामाचा फोन आला, “अरे, उद्या सकाळी आठला टीव्ही लाव. बुवांच्या साथीला मी बसलोय.” मामा आयुष्यभर पेटी वाजवत आला, पण पडद्यावर ही पहिलीच वेळ. मी कार्ड लावून तयार होतो. आम्ही सगळ्यांनी अभंग ऐकले, मामीने पडद्यालाच नमस्कार केला. दुपारी फाईल उघडली तर चित्र स्वच्छ आणि आवाज शून्य. मामाला सांगितले तेव्हा तो हसला; “पेटीवाल्याकडे एरवी तरी कोण लक्ष देतो!” एवढेच म्हणाला. तो २००९ साली गेला. नंतर मी त्या वाहिनीकडे चौकशी केली, तेव्हा त्या मालिकेच्या टेपा ठेवलेल्या नाहीत असे उत्तर आले.

ब्रिटिश प्रेक्षकांकडे आवाज राहिला, चित्र गेले, माझ्याकडे उलटे.

त्या काळातला आमचा दुसरा अपराध मात्र अज्ञानाचा नव्हता. आम्ही मोठ्या हौसेने व्हर्च्युअलडबमध्ये बसून जाहिराती कापून टाकत असू. कार्यक्रम कधी ना कधी पुन्हा दाखवला जातो. पण साड्यांच्या स्थानिक दुकानाची, क्लासची, पडद्याखालून सरकणारी केबलवाल्याची जाहिरात पुन्हा कोण दाखवणार? २००४चे पुणे त्या कापलेल्या तुकड्यांत होते.

कायद्याचा धाक उगाचच वाटे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, घरी टीव्ही रेकॉर्ड करून नंतर पाहणे वैध ठरवले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ३९वे कलमही स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेले प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग हा त्या प्रक्षेपण हक्काचा भंग मानत नाही.

दार बंद झाले ते तंत्राने. केबलच्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि सांकेतिक, डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे ठरले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२, पुण्यासह दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांत ३१ मार्च २०१३, अशा मुदती ठरल्या. भिंतीतून येणाऱ्या वायरीत आता कुलूपबंद आकडे होते. ते उघडणार सेट-टॉप बॉक्स. ट्यूनर कार्डाच्या डबीला त्यात काहीच सापडेना. बॉक्समधून पिवळी वायर काढून चित्र घेता येई, पण बॉक्सवर जे लावले असेल तेवढेच. चित्र स्वच्छ झाले, हे मान्य. पण घरात येणारा संकेत तोवर घरच्या माणसाच्या हाती मोकळा येत होता, तो त्यानंतर आला नाही. दहा-बारा वर्षांच्या त्या फटीत जे उतरले गेले, ते आज कपाटांतल्या सीडींवर आहे, आणि सीडींचा थर उडू लागला आहे.

गेल्या महिन्यात मामाचा एक शिष्य घरी आला होता. त्याला ती फाईल दाखवली. तो पडद्याजवळ सरकून बोटे पाहत राहिला, दोनदा मागे नेऊन पाहिली. मग म्हणाला, “काळी दोनमध्ये आहेत. हा भूप आहे. इथे बघा, बुवा थांबलेत आणि सर एकटेच वाजवतायत.” त्याने माझी पेटी मागितली. मी कपाटावरून ती काढली, धूळ झटकली आणि फाईल पुन्हा सुरुवातीपासून लावली.