लोणारची काच : एका पुराव्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराकडे सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये विद्वानांचे लक्ष वेधले. ते ज्वालामुखीजन्य होय, हे मत पुढे दीर्घकाळ रूढ राहिले. १८९६ मध्ये गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातील विवराशी त्याचे साम्य ओळखले. परंतु दोन्हींचे कारण त्यांनी वाफेचा स्फोट हेच मानले. केवळ आकारावरून हा वाद मिटणे शक्य नव्हते.

तो मिटविला काठावर वेचलेल्या काचेने. १९७२ मध्ये व्ही. के. नायक यांनी तेथील काचमय खड्यांचे वर्णन केले. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसाल्टमध्ये मास्केलिनाइट, म्हणजे न वितळता केवळ आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार, दाखविले. ज्वालामुखीत ते घडत नाही. पुढे विवराचे वयही काचेवरूनच मोजले गेले : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ च्या आर्गॉन-मापनाने सुमारे ५ लक्ष ७० हजार.

ही तफावत तपासावयाची तर प्रत्येक खडा कोणत्या थरातून उचलला, याची नोंद हवी. स्थळनोंदीवाचून उचललेली काच संग्रहाची शोभा वाढविते. साक्ष मात्र देत नाही.