करार जपणारे कोकणातील तेली
यहुदी धर्मग्रंथांनुसार देवाने अब्राहामाच्या वंशाशी करार केला आणि सिनाय पर्वतावर इस्राएलला आपली प्रजा म्हणून निवडले. मात्र आमोस या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा शब्द लोकांपुढे मांडणाऱ्या पुरुषाने, ही निवड विशेषाधिकार नसून अधिक कठोर जबाबदारी असल्याचे बजावले. या निवडीचे भान कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने जवळ धर्मग्रंथ नसतानाही टिकवले, ही विलक्षण गोष्ट आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथाबरोबरच सुंता आणि ‘शमा’ ही एकेश्वरनिष्ठेची प्रार्थना हाही त्यांनी जपलेला ठेवा होता.

परमेश्वराच्या दिवसापूर्वी, म्हणजे देवाच्या न्यायाच्या दिवसापूर्वी, संदेष्टा एलिया परत येईल, असे भाकीत मलाखीच्या ग्रंथात आहे, आणि याच एलियाच्या, म्हणजे ‘एलियाहू हन्नबी’च्या, नावाने हा समाज गोड पोहे, खवलेले खोबरे आणि फळे ताटात मांडून ‘मलिदा’ हा अर्पणविधी करतो. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा एलियाच्या रथाच्या मानल्या जातात. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, 1796 मध्ये उभे राहिले. पुढे इस्राएलमध्ये गेलेल्यांच्या वंशाविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली, हा अन्यायच होता. दीर्घ आंदोलनानंतर 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले.