रविवार मागणारी माणसे

तुमचे वय किती, हे आईलाही नेमके सांगता येत नाही. दुष्काळ पडला तेव्हा पोर रांगत होते, एवढेच तिला आठवते. साल 1883, ठिकाण परळ. एका गिरणीच्या सूतखात्यात तुम्ही उभे आहात. भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, तुटलेला धागा बोटांनी जोडायचा, हे तुमचे काम. खिडक्या बंद आहेत, कारण कोरडा वारा लागला की सूत तुटते. कापसाचा भुरा पापण्यांवर बसतो. कुणाशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते.

गिरणीत विजेचे दिवे अजून यायचे आहेत. उजाडले की इंजिन सुरू होते आणि हात दिसेनासा झाला की बंद. म्हणून पौषात दिवस अकरा तासांचा भरतो, वैशाखात तेराच्या आसपास जातो. रविवार आला म्हणून सुटी मिळेलच असे नाही. कितीतरी रविवार यंत्रे पुसण्यात जातात.

"साहेब आला रे! बारकी पोरं मागच्या दारानं काढा." मुकादम धावत येतो आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून थांबवतो. "तू ऱ्हा. विचारलं तर आठ सांग. आन् दुपारी आलो म्हणायचं, सकाळी न्हाई."

निरीक्षक साहेब तुमची हनुवटी वर करतो आणि तोंड उघडायला लावतो. पुढचे दुधाचे दात पडलेत, नवे अर्धे वर आलेत. जन्माचा दाखला कुणाकडेच नाही, तेव्हा सरकारला तुमचे वय तुमच्या जबड्यातच शोधावे लागते. साहेब वहीत काहीतरी लिहून पुढे जातो.

त्याच्या हातात आहे 1881 चा फॅक्टरी कायदा. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, महिन्याला चार सुट्या द्याव्यात. धोक्याच्या यंत्रांना कठडा असावा. तुमच्या आईच्या तासांबद्दल त्यात एक अक्षर नाही आणि बापाच्या तासांबद्दलही नाही.

आता खुर्ची बदला. साल तेच, पण तुम्ही फोर्टातल्या कचेरीत पंख्याखाली बसला आहात आणि गिरणी तुमच्या ताब्यात आहे. समोर विलायतेहून आलेले वर्तमानपत्र पडले आहे. ते वाचून तुमचे डोके तापते, आणि खरे सांगायचे तर ते तापायला कारणही आहे.

कावसजी नानाभाई दावरांनी 1854 मध्ये ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. तेव्हापासून तीस वर्षांत मुंबईने स्वतःच्या भांडवलावर हा धंदा उभा केला. ते मँचेस्टरच्या डोळ्यांत खुपले. विलायती कापडावरची जकात उठवा म्हणून तिथल्या गिरणीवाल्यांनी लकडा लावला आणि 1882 मध्ये ती उठलीसुद्धा. त्याच लोकांना आता मुंबईच्या मजूर पोरांचा कळवळा आला आहे. 1875 मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्यात गिरणीमालकही होते आणि बहुमत पडले ते कायदा नको असे. तरी सहा वर्षांनी कायदा आलाच.

तुम्ही कायद्याची प्रत उघडून बोट ठेवता. तो लागू कुणाला? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभरावर माणसे असलेल्या कारखान्यांना. वगळले कुणाला? चहा-कॉफीच्या मळ्यांना आणि निळीच्या कारखान्यांना. जिथे गोऱ्यांचा पैसा गुंतला आहे, नेमक्या तिथेच दया आटली. तुमचा हा मुद्दा खोडून काढणे कुणालाही जड जाईल.

पण टेबलाचा खालचा खणही उघडा. तिथे तुमचा मॅनेजिंग एजंट म्हणून झालेला करार आहे. या काळात मुंबईतल्या पुष्कळ एजंटांचे कमिशन ठरते ते निघालेल्या सुतावर, पौंडामागे पाव आणा. कंपनीला नफा होवो की तोटा, भागधारकाच्या हाती काही पडो न पडो, सूत जितके जास्त निघेल तितके तुमचे भरते. म्हणजे इंजिन अर्धा तास आधी बंद झाले तर पहिली झळ लागते ती तुमच्या पाव आण्याला. देशी धंद्याचा अभिमान खरा आणि हा करारही खरा. भाषणात मात्र पहिलाच येतो.

इथून पुण्याला चला. तुम्ही 'मराठा' वाचणारे सुशिक्षित गृहस्थ आहात. हे पत्र फॅक्टरी कायद्याच्या विरोधात लिहिते आणि तुम्हाला ते पटते. देशी उद्योग आत्ता कुठे अंग धरू लागला आहे, त्याच्या पायात बेडी का घालायची? मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली नावाचे पारशी गृहस्थ 1878 मध्ये स्वतः कायद्याचा मसुदा तयार करतात, कामगारांच्या बाजूने एकटे लढतात. ते तुम्हाला भाबडे वाटतात. तुम्ही कामगाराचे वैरी मुळीच नाही. देश आणि इंग्रज या भांडणात तुम्ही देशाची बाजू घेतली आहे, इतकेच. गिरणीतल्या बाईचा दिवस किती वाजता संपतो हा प्रश्न त्या भांडणात कुठे बसतच नाही.

आतापर्यंत तुम्ही ज्यांचे ऐकलेत त्यांतला प्रत्येक जण काही ना काही बरोबर बोलत होता. मँचेस्टरचे, म्हणजे लँकेशायरचे, गिरणीवाले स्वार्थापोटी बोलले, पण मुले खरोखरच बारा-बारा तास राबत होती. मालक अन्यायाबद्दल बोलला आणि अन्याय खराच होता. 'मराठा'चा संपादक देशाबद्दल बोलला. आता ज्यांच्याबद्दल हे सगळे बोलणे चालले होते त्यांच्याकडे चला.

23 सप्टेंबर 1884. परळची सुपारीबाग. तुम्ही साचेखात्यातले विणकर आहात, मूळचे रत्नागिरीकडचे. घरचे शेत पोटाला पुरत नाही म्हणून मुंबईला आलेले. गर्दीत धोतरे, घोंगड्या, विड्यांचा वास. पुढे उभे आहेत छत्तीस वर्षांचे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम पाहिले. गिरणी आतून पाहिलेला हा माणूस आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, आणि 1880 पासून 'दीनबंधू' हे पत्र चालवतात. सरकारने नवे कमिशन नेमले आहे, कलेक्टर मुलक अध्यक्ष आहेत. त्यांच्यापुढे मालक जातील, मॅनेजर जातील, डॉक्टर जातील. आपणही आपले म्हणणे लेखी नेऊ, असे लोखंड्यांचे सांगणे आहे.

मागण्या वाचून दाखवल्या जातात. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचा अधू झाला तर पोटापुरती तरतूद.

तुम्ही पुन्हा एकदा बोटांवर मोजता. पगार वाढवा, असे यात कुठेच नाही.

"पगाराच्या तारखेचं बरं घातलं," शेजारचा म्हणतो. "वाण्याचं उधार चढतं ते त्यानंच." तो बोलतो ते शब्दशः खरे आहे. कमावलेला पगार गिरणीकडे आठवडे न् आठवडे अडकून पडतो. तोवर घर चालते ते वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीवर, आणि त्यावर व्याज चढते. वर ज्याने नोकरी लावली त्या मुकादमाला दस्तुरी द्यावी लागते ती वेगळीच. म्हणजे गिरणीला कामगाराकडून बिनव्याजी पैसा वापरायला मिळतो आणि तोच कामगार बाहेर व्याज भरतो. हे हिशेबात पकडायला स्टोअरकीपरची नजर लागते.

सह्या सुरू होतात. बहुतेकांचे अंगठेच. तुमच्या पुढच्या माणसाच्या उजव्या हाताला अंगठा नाही. पट्ट्यात गेला. तो क्षणभर थांबतो, मग डावा हात पुढे करतो. लिहून घेणाऱ्याला त्याचे नाव पुन्हा विचारावे लागते, कारण मागची गर्दी रेटते आहे. 26 तारखेला पुन्हा सभा भरते. या अर्जावर पाच हजारांहून जास्त सह्या होतात.

लोखंडे हा अर्ज मुलक कमिशनपुढे ठेवतात. कामगारांनी एकत्र जमून स्वतःच्या तोंडाने सरकारला सांगितलेली गोष्ट म्हणून तो नोंदला जातो, आणि कागद कपाटात पडतो. ज्या सरकारला मँचेस्टरसाठी जकात उठवायला फार काळ लागला नव्हता, त्याला कामगाराच्या अर्ध्या तासासाठी सात वर्षे लागतात.

त्यांतली बरीच वर्षे आपण पटकन ओलांडू. 24 एप्रिल 1890, महालक्ष्मी. डोक्यावर वैशाखाचे ऊन आणि दहा हजार माणसे. तुम्ही आता रिळिंगखात्यातली बाई आहात आणि गर्दीत पदर सावरत पुढे सरकता आहात. तुमच्यासारख्याच दोन बाया उठतात आणि सभेपुढे बोलतात. दहा हजार माणसांपुढे गिरणीतल्या बाईने तोंड उघडायचे, ही 1890 सालची गोष्ट आहे. त्याच वर्षी लोखंड्यांनी न्हावी बांधवांना विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून संपावर आणले. गिरणीतला अन्याय आणि घरातला अन्याय यांचे दोन वेगळे हिशेब त्यांनी कधी ठेवलेच नाहीत.

अर्ज या वेळी थेट गिरणीमालक संघाकडे जातो, आणि 10 जून 1890 ला संघ आठवड्याची रविवारची सुटी मान्य करतो.

मालकांचे मन पालटले का? तुम्ही दोन्ही खुर्च्यांवर बसून आलात, तुम्हीच सांगा. नवा कायदा दाराशी येऊन उभा होता. सरकारच्या सक्तीने द्यावे लागण्याआधी आपण होऊन दिलेले बरे, हा व्यवहारी विचार त्यामागे असणारच. लँकेशायरचा मत्सर, सरकारची ओढाताण, मालकांची सावधगिरी, यांतले काहीच निर्मळ नव्हते. पण पंधरा वर्षे हे तिन्ही पक्ष आपापसात भांडत होते आणि त्यातून रविवार काही निघाला नव्हता. चौथा पक्ष स्वतःचा कागद घेऊन आला, तेव्हा तो निघाला.

1891 चा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1892 पासून लागू झाला. कामावर घेण्याचे किमान वय नऊ झाले. मुलांना सात तास, बायकांना अकरा तास आणि सगळ्यांना आठवड्याची सुटी. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. मग गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागले आणि 1905 च्या सुमारास चौदा-पंधरा तासांचे दिवस सुरू झाले. सूर्य मावळण्याची जी एक नैसर्गिक सुटी होती, तीही गेली. लोखंडे ते बघायला नव्हते. 9 फेब्रुवारी 1897 ला मुंबईच्या प्लेगच्या साथीत ते गेले. कापडगिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला 1911 साल उजाडले. दरम्यान 1896 मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, लँकेशायरच्या सोयीसाठीच. मालकाची तक्रार शेवटपर्यंत खरीच राहिली. त्या तक्रारीच्या सावलीत त्याचा पंधरा तासांचा दिवसही सुखाने नांदला.

आता तुमच्या काळात या. व्यवसायाची नीती म्हटले की आज सगळ्यात आधी आठवतो तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 सांगते की ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. शाळेला बाके मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते. त्यात वाईट काही नाही. पण सुपारीबागेतून नुकते आलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच खटकेल. हे कलम नफा झाल्यानंतरचे बोलते. लोखंड्यांच्या पाचही मागण्या नफा होत असतानाच्या होत्या: तास, विसावा, सुटी, पगाराची तारीख, तुटलेला हात. ज्या गिरणीने अंगठा गमावलेल्या माणसाला काढून टाकले, तिने धर्मशाळा बांधली तर 1884 मध्येही तिचे कौतुकच झाले असते.

आजच्या कायद्यात त्या मागण्यांतल्या काहींनाही जागा आहे, पण ती मागच्या पानांवर. शेअर बाजारात नोंद असलेल्या वरच्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून आपल्या सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो, आणि कामावर किती माणसे जखमी झाली, किती दगावली, याचा तक्ता त्यात असतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो आणि देशाच्या प्रगतीबद्दल चार वाक्ये असतील. ती वाचा, त्यांत तथ्यही असेल. मग पाने उलटून तो तक्ता गाठा आणि तीन गोष्टी बघा: कंत्राटी माणसे त्यात मोजली आहेत का, त्यांचा पगार कोणत्या तारखेला होतो हे कुठे लिहिले आहे का, आणि तो तक्ता भरताना त्या माणसांपैकी कुणाला काही विचारले होते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर त्या कंपनीत लोखंड्यांचा अर्ज अजून लिहायचा आहे.