स्टॉकिंगमधले 13 केस

जुलै 1978. वॉशिंग्टन शहरात एका टॅक्सीचालकाला त्याच्या घरासमोरच गोळी घातली गेली. मारेकऱ्याने तोंडावर बायकी स्टॉकिंग ओढलं होतं. ते पोलिसांना जवळच सापडलं. त्यात 13 केस होते.

संशय गेला सांते ट्रिबल या 17 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर. त्या रात्री तो घरीच होता, असं घरचे सांगत होते. पण 1980च्या खटल्यात एफबीआयच्या तज्ज्ञाने साक्ष दिली, की सूक्ष्मदर्शकाखाली यातला एक केस ट्रिबलच्या केसाशी सर्व लक्षणांत जुळतो. सरकारी वकिलाने त्यावर कडी केली: तो दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यता कोटीत एक! हा आकडा आला कुठून? कुठूनच नाही. माणसामाणसांचे केस किती वेळा सारखे दिसतात, याची विश्वासार्ह मोजदादच कुणी केलेली नव्हती.

मग डीएनए का नाही पाहिला? तेव्हा ते तंत्रच नव्हतं. आणि मूळ नसलेल्या केसात पेशीच्या केंद्रकातला डीएनए जेमतेमच उरतो. मायटोकॉन्ड्रियाचं (हो, शाळेच्या पुस्तकातला तोच, पेशीला ऊर्जा पुरवणारा) तसं नाही. त्याच्या डीएनएची साखळी जेमतेम 16,569 अक्षरांची, पण एकेका पेशीत तिच्या शेकडो प्रती. बऱ्याचशा नष्ट झाल्या तरी वाचण्यापुरत्या उरतात. एफबीआयने 1996मध्ये खटल्यांसाठी ही तपासणी सुरू केली.

एक मेख आहे. हा डीएनए फक्त आईकडून येतो. तुमचा, तुमच्या सख्ख्या भावाचा, मावशीचा साधारण एकच. म्हणून ‘हाच तो’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ‘हा तो नव्हे’ हे मात्र म्हणता येतं, आणि ट्रिबलला तेवढंच हवं होतं.

2012मध्ये ते 13 केस तपासले गेले. एकही त्याचा नव्हता. एक तर चक्क कुत्र्याचा निघाला! त्याच वर्षी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. तोवर त्याची 25हून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती.

2015मध्ये एफबीआयने जुन्या साक्षींच्या फेरतपासणीचे आकडे दिले. केसांची साक्ष आरोपीविरुद्ध गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257मध्ये ती सदोष होती. मृत्युदंड झालेले आरोपीही त्यांत होते. नऊ जणांची शिक्षा अमलात येऊन गेली होती.

ट्रिबलला 2016मध्ये 1 कोटी 32 लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. 2020मध्ये तो वारला, 59व्या वर्षी.